'मीली-माउथ्ड' या इंग्रजी विशेषणाचा अर्थ, वापर आणि मराठी पर्याय

प्रश्नकर्त्याने एका इंग्रजी अग्रलेखात एका मंत्र्याच्या दिलगिरीच्या निवेदनाला 'मीली-माउथ्ड' हे विशेषण लावलेले वाचले. हाताशी असलेल्या द्विभाषी कोशात त्याचा अर्थ 'गोडबोल्या' असा मिळाला, पण तो त्या वाक्यात बसेना. या शब्दाचा खरा अर्थ कोणता, तो कोणाला आणि कशाला लावतात आणि मराठीत भाषांतर करताना काय लिहावे, असा त्यांचा प्रश्न आहे. इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्याचे आणि ते शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, आणि ज्या शब्दांचे भाषांतर वरवर सोपे वाटून हमखास चुकते, अशा शब्दांमध्ये मी याची गणना करतो. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

जिथे स्पष्ट बोलणे आवश्यक असते, तिथे बोलायचे तर खरे, परंतु मूळ गोष्टीला हात न लावता, शब्द मऊ करून, अंगावर काही येणार नाही अशा बेताने बोलायचे, ही वृत्ती 'मीली-माउथ्ड' या शब्दाने दाखवली जाते. या अर्थात तीन गोष्टी एकत्र येतात आणि त्यांतली एक जरी नसली तरी हा शब्द लागू पडत नाही. बोलणारा गप्प बसलेला नसतो, तो काहीतरी बोलतच असतो. आपल्याला काय म्हणायचे आहे, किंवा निदान काय म्हणायला हवे, हे त्याला ठाऊक असते, त्यामुळे अज्ञानातून आलेली अस्पष्टता इथे अभिप्रेत नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. तो स्पष्ट बोलत नाही याचे कारण भीती, भीड, स्वार्थ किंवा अप्रामाणिकपणा यांपैकी काहीतरी असते, निदान हा शब्द वापरणाऱ्याचा तसा आरोप असतो. हे विशेषण केवळ वर्णन करणारे नाही, ते दोष देणारे आहे. कौतुकाने कोणी कोणाला 'मीली-माउथ्ड' म्हणत नाही. कौतुक करायचे असेल तेव्हा तो नकारार्थी येतो: अमुक बाई 'मीली-माउथ्ड' नव्हत्या, म्हणजे त्या रोखठोक होत्या.

'गोडबोल्या' का बसत नाही, हे आता सांगता येईल. गोडबोल्या माणूस समोरच्याला खूश करण्यासाठी किंवा त्याच्याकडून काही काढून घेण्यासाठी गोड बोलतो. त्याचे बोलणे पुष्कळदा अगदी स्पष्टही असते, फक्त ते मनापासूनचे नसते. तोंडपुजा माणूस त्याच्याही पुढे जाऊन स्तुती करतो. 'मीली-माउथ्ड' माणसाच्या बोलण्यात गोडवा असलाच पाहिजे असे नाही. त्याचे निवेदन अत्यंत रूक्ष, कार्यालयीन आणि थंड असू शकते, आणि तरीही ते या विशेषणाला पूर्ण पात्र ठरू शकते, कारण ते नेमक्या प्रश्नाला बगल देते. प्रश्नकर्त्याच्या उदाहरणातला मंत्री कोणाची खुशामत करीत नव्हता. जी कबुली द्यायला हवी होती ती तो देत नव्हता, आणि अग्रलेखकाचा राग त्यावर होता.

दुसऱ्या टोकाची चूकही विद्यार्थ्यांकडून होते. ते या शब्दासाठी 'मितभाषी', 'अबोल' किंवा 'मुखदुर्बळ' असे लिहितात. मुखदुर्बळ हा शब्द पाहताना मोह होतो, कारण त्यातही मुख आहे आणि त्यातही बोलण्याची कमतरता आहे. पण मुखदुर्बळ माणसाबद्दल मराठी बोलणाऱ्याच्या मनात सहानुभूती असते. त्याला बोलायचे असते, परंतु चारचौघांत तोंड उघडवत नाही. 'मीली-माउथ्ड' माणसाला बोलता उत्तम येते. 'मूग गिळून गप्प बसणे' आणि 'तोंडात मिठाची गुळणी धरणे' या दोन वाक्प्रचारांबाबतही हेच ध्यानात ठेवावे. तोंडात काहीतरी धरल्याचे चित्र त्यांत आहे आणि इंग्रजी शब्दातही तसेच चित्र आहे, त्यामुळे हे जुळे असल्याचा भास होतो. मात्र आपले दोन्ही वाक्प्रचार मौनाचे आहेत. मौनासाठी इंग्रजीत 'टाइट-लिप्ड' किंवा 'क्लोज-माउथ्ड' असे वेगळे शब्द आहेत.

चित्राचा विषय निघालाच आहे तर व्युत्पत्ती पाहू. 'मील' म्हणजे दळलेले धान्य, भरड किंवा पीठ, आणि 'मीली' म्हणजे पिठासारखे, पिठूळ. जुने, भुसभुशीत झालेले सफरचंद इंग्रजीत 'मीली' असते, उकडल्यावर कोरडा आणि मोकळा होणारा बटाटाही 'मीली' असतो. महाराष्ट्रातल्या द्राक्ष आणि सीताफळ बागायतदारांना हा शब्द न शिकताच माहीत आहे, कारण ज्या किडीला ते मिलीबग किंवा पिठ्या ढेकूण म्हणतात, तिच्या अंगावर पांढरी पिठासारखी मेणचट भुकटी असते आणि तिच्या नावातला 'मिली' हाच आहे. 'मीली-माउथ्ड' हा जोडशब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळतो. जर्मन भाषेत 'तोंडात पीठ धरून ठेवणे' असा सरळ न बोलण्याच्या अर्थाचा एक जुना वाक्प्रचार आहे, आणि व्युत्पत्तिकार या इंग्रजी शब्दाची संगती त्याच्याशी लावतात. तोंडात पीठ असताना शब्द धड बाहेर पडत नाहीत, त्यांच्या कडा बोथट होतात, असे ते चित्र आहे. काही अभ्यासक मात्र 'मीली' चा संबंध मधाच्या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी धातूशी जोडतात, ज्याचे नाते लॅटिनमधील 'मेल' म्हणजे मध या शब्दाशी आहे. 'गोडबोल्या' हा अर्थ त्या दुसऱ्या तर्काला धरून दिसतो खरा, पण व्युत्पत्ती कोणतीही मानली तरी आजचा वापर पहिल्या चित्राच्या बाजूचा आहे, आणि भाषांतरकाराला आजच्या वापराशी कर्तव्य असते.

घोड्यांच्या बाबतीत 'मीली' चा एक अगदी शब्दशः उपयोग होतो, तोही नोंदवून ठेवतो. इंग्लंडमधल्या एक्समूर जातीच्या तट्टांच्या नाकातोंडाभोवती फिकट, पिठाच्या रंगाचा पट्टा असतो आणि अशा मुखाला घोडेवाले 'मीली' म्हणतात. तिथे दोषाचा काही प्रश्न नाही, तो केवळ रंग आहे. प्राण्याच्या वर्णनात हा शब्द आढळला तर तिथे 'गुळमुळीत' लिहिण्याची चूक होऊ नये, एवढ्यासाठी ही सूचना.

आता शब्दाची घडण. पुष्कळ विद्यार्थी 'माउथ्ड' हे भूतकाळी रूप समजतात, आणि मग 'तोंडाने काय केले' असा शोध सुरू होतो. हा शेवटचा प्रत्यय क्रियापदाचा नाही. नामाला लागून 'ते ज्याच्याजवळ आहे असा' हा अर्थ देणारा तो प्रत्यय आहे. निळ्या डोळ्यांचा या अर्थी 'ब्लू-आइड' किंवा दाढीवाला या अर्थी 'बिअर्डेड' या शब्दांत तोच दिसतो. मराठी माध्यमात शिकलेल्या वाचकाला हे बहुव्रीही समासाच्या आधारे चटकन समजते. नीलकंठ म्हणजे निळा कंठ नव्हे, तर निळा कंठ आहे ज्याचा तो. दशमुख म्हणजे दहा मुखे आहेत ज्याला तो. पाणिनीने 'अनेकमन्यपदार्थे' या सूत्रात सांगितलेली हीच गोष्ट आहे, की समासातल्या पदांपेक्षा वेगळ्याच पदार्थाकडे सगळ्या समासाचा रोख असतो. त्याच रीतीने, 'पिठूळ तोंड आहे ज्याचे तो' असा 'मीली-माउथ्ड' चा विग्रह होईल. उच्चाराबद्दल एकच सांगायचे, की 'माउथ' या नामाच्या शेवटी जो अघोष ध्वनी असतो, तो या विशेषणात ब्रिटिश उच्चारात सामान्यतः घोष होतो, म्हणजे ऐकताना 'थ' पेक्षा 'द' च्या जवळ जातो. देवनागरीत लिहिताना मात्र 'माउथ्ड' हेच रूप ठेवावे, वाचकाला ते ओळखू येते.

याच घडणीचे बाकीचे शब्द अवघड नाहीत. 'फाउल-माउथ्ड' म्हणजे शिवराळ, 'लाउड-माउथ्ड' म्हणजे मोठमोठ्याने बढाया मारणारा किंवा वाचाळ, 'ओपन-माउथ्ड' म्हणजे आ वासलेला, 'वाइड-माउथ्ड' हे बहुधा बरणीचे विशेषण, म्हणजे रुंद तोंडाची. 'हार्ड-माउथ्ड' हा पुन्हा घोड्यांच्या जगातला शब्द आहे. लगाम ओढला तरी न जुमानणारा घोडा तसा असतो, आणि त्यावरून हट्टी माणसालाही ते विशेषण लागते.

'मीली-माउथ्ड' कोणाला लावतात, हा प्रश्नाचा दुसरा भाग होता, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हा शब्द माणसाला लागतो, तसाच त्याच्या बोलण्यालाही लागतो. आजच्या वृत्तपत्रीय इंग्रजीत तो निवेदन, माफी, सबब, तडजोड, उत्तर आणि अहवाल यांच्याआधी येताना वारंवार दिसतो. मराठीत तोंड माणसाला असते, बरणीलाही असते, पण माफीला किंवा निवेदनाला नसते, त्यामुळे 'पिठूळ तोंडाची माफी' अशी रचना आपल्याला विचित्र वाटेल. इंग्रजीत मात्र विशेषण माणसावरून त्याच्या शब्दांवर सहज सरकते. ज्या माणसाला हे विशेषण लागते, तो बहुतेक वेळा अधिकाराच्या जागी असतो: मंत्री, प्रवक्ता, कंपनी, एखादी संस्था. मालकासमोर चाचरत बोलणाऱ्या कामगाराला किंवा शिक्षकांपुढे घाबरून अर्धवट उत्तर देणाऱ्या मुलाला हा शब्द लावला तर तो अन्याय होईल, आणि इंग्रजीचा जाणकारही तो तिथे वापरणार नाही. ज्याच्याकडून स्पष्टतेची अपेक्षा करण्याचा आपल्याला हक्क आहे आणि जो ती देण्याच्या स्थितीत आहे, त्याच्यासाठी हा शब्द राखून ठेवलेला आहे.

याचे सर्वपरिचित उदाहरण अमेरिकेच्या राजकारणातले आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी जानेवारी 1987 मध्ये संसदेपुढील वार्षिक भाषणात इराणला झालेल्या शस्त्रविक्रीच्या प्रकरणाविषयी बोलताना गंभीर चुका झाल्याचे मान्य केले. पण ते वाक्य कर्मणी प्रयोगातले होते. चुका केल्या गेल्या, असे ते म्हणाले. कोणी केल्या, हे त्या वाक्यात नव्हते. ही वाक्यरचना पुढे इंग्रजीत अशा कबुलीचे प्रतीकच होऊन बसली. वाक्यात खोटे काहीच नाही. कबुली आहे, खेदही आहे, फक्त कर्ता नाही. याच प्रकारची दुसरी रचना म्हणजे 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' ने सुरू होणारी माफी. भावना दुखावल्या आहेत हे सर्वांना माहीत असते, माफी मागणाऱ्यालाही माहीत असते, आणि तरी त्या 'तर' मुळे सगळी माफी सशर्त होते. इंग्रजी अग्रलेखात 'मीली-माउथ्ड' माफी असा उल्लेख आढळला की बहुतेक वेळा अशीच काहीतरी रचना समोर असते, आणि प्रश्नकर्त्याने ते मूळ निवेदन काढून पाहिले तर तिथेही एखादा 'जर' किंवा गायब झालेला कर्ता सापडण्याचा संभव मोठा आहे.

हे आपल्याला परके मुळीच नाही. मराठीचे व्याकरण तर कर्ता लपवण्याची फार मोठी सोय देते. फोडणे आणि फुटणे, पाडणे आणि पडणे, मोडणे आणि मोडणे अशा जोड्या आपल्याकडे आहेत; शेवटच्या जोडीत तर सकर्मक आणि अकर्मक दोन्हींसाठी शब्द एकच आहे. 'काच फुटली' असे म्हटले की फोडणारा वाक्याबाहेर जातो. त्यात भर म्हणून कार्यालयीन मराठीने 'करण्यात येईल', 'घेण्यात आली आहे', 'निदर्शनास आले आहे' ही रूपे इतकी रूढ केली आहेत, की 'तक्रारीची नोंद घेण्यात आली असून योग्य ती कारवाई करण्यात येईल' या वाक्यात कोणी नोंद घेतली, कोण कारवाई करणार, कधी करणार आणि 'योग्य' म्हणजे काय, यांपैकी एकाही गोष्टीचा उलगडा होत नाही, तरीही वाचताना ते वाक्य पूर्ण वाटते. प्रत्येक कर्मणी प्रयोग दोषी आहे असे मी म्हणत नाही. 'रस्ता 1 जूनपासून वाहतुकीसाठी बंद ठेवण्यात येईल' या सूचनेत कर्त्याची गरजच नसते. दोष तेव्हा येतो, जेव्हा वाचकाचा प्रश्न 'कोणी?' हाच असतो आणि उत्तर देणारा नेमके तेवढेच वगळतो. त्या क्षणी ते वाक्य 'मीली-माउथ्ड' होते, मग ते इंग्रजीत असो की मराठीत.

मग मराठीत लिहावे काय? 1847 साली प्रसिद्ध झालेल्या मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या इंग्रजी-मराठी कोशापासून आपल्या द्विभाषी कोशांची रीत अशी आहे, की एका इंग्रजी शब्दापुढे अनेक मराठी शब्द ओळीने मांडायचे आणि निवड वाचकावर सोपवायची. ही रीत चांगली आहे, पण ओळीतला पहिला शब्द उचलण्याची सवय वाईट आहे. माझी पहिली निवड 'गुळमुळीत' ही असते. 'गुळमुळीत बोलणे', 'गुळमुळीत उत्तर', 'गुळमुळीत माफी' ही सगळी बोलण्यात सहज येणारी रूपे आहेत. शब्द माणसापेक्षा बोलण्याला अधिक शोभतो आणि त्यात दोषाचा सूरही आहे. तोंडात काहीतरी घोळवल्यासारखा त्याचा नादही इंग्रजी शब्दाच्या चित्राशी आपोआप जुळतो. प्रश्नकर्त्याच्या वाक्यात मी निःशंकपणे 'मंत्र्यांची गुळमुळीत दिलगिरी' असे लिहीन.

निवेदनाऐवजी धोरण किंवा भूमिका समोर असेल तर 'बोटचेपे' हा शब्द अधिक नेमका आहे. 'सरकारची बोटचेपी भूमिका' असे आपण म्हणतो तेव्हा कोणाला तरी दुखवण्याची भीती आणि त्यापायी आलेला नेभळटपणा या दोन्ही गोष्टी त्यात येतात. मात्र बोटचेपेपणा कृतीतही असतो, 'मीली-माउथ्ड' मात्र बोलण्यापुरता आहे, हा फरक विसरू नये. दोन्ही पक्षांना सांभाळत कुठलीच बाजू न घेणाऱ्या उत्तरासाठी 'नरो वा कुंजरो वा' हा महाभारतातल्या द्रोणवधाच्या प्रसंगावरून आलेला वाक्प्रचार मराठी वाचकाला लगेच कळतो. मूळ प्रसंगात युधिष्ठिराच्या शब्दांनी द्रोणाचार्यांची प्रत्यक्ष फसवणूक झाली होती, पण मराठीत तो वाक्प्रचार आता मुख्यतः संदिग्ध, कुठेच न अडकणाऱ्या भूमिकेसाठी वापरला जातो, म्हणून इथे चालतो. अग्रलेखाच्या किंवा वैचारिक लेखाच्या भाषांतरात तो शोभतो. अहवालाच्या भाषांतरात तो फार रंगीत होईल.

'मोघम' हा शब्द मी विचार करून वापरतो. मोघम म्हणजे तपशील नसलेले, ढोबळ. त्यात हेतूचा आरोप नाही. मूळ लेखकाने जाणूनबुजून टाळाटाळीचा आरोप केला असताना भाषांतरकाराने 'मोघम' लिहिले, तर तो लेखकाचा राग स्वतःच्या जबाबदारीवर कमी करतो, आणि मग त्याचे भाषांतरच गुळमुळीत होते. 'भीडस्त' या शब्दाचेही तसेच. भीड हा मराठी माणसाच्या स्वभावातला मोठा विषय आहे, 'भीड भिकेची बहीण' असे आपण तिच्याविषयी सावधही करतो, पण भीडस्त माणूस मुळात वाईट मानला जात नाही. इंग्रजी वाक्यात भीतीपेक्षा संकोच अधिक दिसत असेल, विशेषतः जुन्या इंग्रजी लेखनात, जिथे हा शब्द कधीकधी केवळ फाजील नाजूकपणाने बोलणाऱ्याला लावलेला असतो, तिथेच 'भीडस्त' चालेल.

मुत्सद्दी बोलणे आणि 'मीली-माउथ्ड' बोलणे यांतली सीमा कुठे, असा प्रश्न यापाठोपाठ येतोच. सौम्य शब्द निवडणे हा दोष नाही. रुग्णाच्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगणारा डॉक्टर शब्द जपून वापरतो, पण बोलणे संपल्यावर नातेवाइकांना परिस्थिती समजलेली असते. दोन देशांच्या वाटाघाटीत प्रतिनिधी कठोर शब्द टाळतात, पण समोरच्या बाजूला मर्यादा कोठे आहेत ते कळते. शब्द मऊ असूनही मजकूर पोचत असेल तर ते सौजन्य आहे, आणि शब्दांच्या मऊपणाखाली मजकूरच नाहीसा होत असेल तर ते 'मीली-माउथ्ड' आहे. ही कसोटी मी स्वतः प्रत्येक वाक्याला लावतो: ऐकणाऱ्याला जे कळायला हवे होते ते कळले का? तिचे उत्तर मिळाले की भाषांतरात 'सौम्य' लिहायचे, 'सावध' लिहायचे की 'गुळमुळीत', हा निर्णय फारसा अवघड राहत नाही. उलट बाजूने, उद्धटपणा हा काही या दोषावरचा उपाय नाही. फटकळ माणूसही पुष्कळदा मूळ मुद्दा सोडून भलत्याच गोष्टी जोरात बोलत असतो.

स्वतः इंग्रजी लिहिताना हा शब्द वापरावा का, असेही प्रश्नकर्त्याने शेवटी विचारले आहे. लेखात, परीक्षणात किंवा वादविवादात जरूर वापरावा, मात्र ज्या निवेदनावर तो लावाल त्यातले टाळाटाळीचे वाक्य सोबत दाखवावे, नाहीतर आरोप उघडा पडतो. कार्यालयीन पत्रव्यवहारात मात्र तो टाळावा, कारण तुम्ही उत्तराच्या अस्पष्टतेविषयी लिहीत आहात असे तुम्हाला वाटत असले तरी वाचणाऱ्याला आपल्या प्रामाणिकपणावर शंका घेतली असेच वाटेल. तिथे उत्तर 'व्हेग' आहे किंवा अमुक प्रश्नाचे उत्तर मिळालेले नाही, एवढे लिहावे, आणि कोणत्या प्रश्नाचे ते नाव घेऊन लिहावे. मराठीत अशाच पत्रात 'आपल्या उत्तरात अमुक मुद्द्याचा उल्लेख नाही, तो कृपया स्पष्ट करावा' हे वाक्य पुरेसे आहे.